घरी विचारून सांगते

आयटी पार्काशेजारच्या माण गावात ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्यात त्या घरांतल्या बायकांना दोन गोष्टी तोंडपाठ असतात, पाणी कधी सुटतं आणि कुठला भाडेकरू दारात चपलांचा ढीग घालतो. हेमलताला तिसरीही एक गोष्ट पाठ होती. विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात साधारण कधी निघते, ती. दरवर्षी ती जाहिरात मोबाईलवर वाचायची, पात्रतेच्या रकान्यात आपण बसतो याची खात्री करायची, आणि मग मोबाईल फ्रिजवर ठेवून भाकरी थापायला घ्यायची. लग्नानंतरची बारा-तेरा वर्षं अशीच गेली.

माहेर कासार आंबोलीचं. अर्थशास्त्रात एम.ए. झाली आणि त्याच उन्हाळ्यात माणच्या दिग्विजयशी लग्न लागलं. घरची बरीचशी जमीन आयटी पार्कात गेलेली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजले उभे राहिलेले. सकाळी हेमलता स्कुटीवरून घोटावड्यामार्गे पौडला जाई, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवी, आणि दुपारी परत येऊन जिने, मोटर, भाडेकरूंच्या तक्रारी बघे.

पीएच.डी. कशाला हवी होती तिला? नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून नव्हे. थोडं तेही होतं, खोटं कशाला बोला. पण खरं कारण तिच्या घरातच, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेलं होतं. सासूबाई, लीलाबाई. आंबेमोहोराची लावणी असायची तेव्हा लीलाबाई रांगेच्या टोकाला उभ्या राहत आणि बाकीच्या बाया त्यांच्या हाताकडे बघून हात चालवत. भात गेलं, खोल्या आल्या. पुरुषांच्या हातात भाडं आलं, गाडी आली, चौकात बसायला वेळ आला. बाईच्या हातात काय आलं? झाडू. हे असं का झालं, सगळ्या घरांत असंच झालं का, हे तिला नीट शोधून काढायचं होतं. आणि त्याहून जास्त, तिला असं कुणीतरी हवं होतं ज्याच्यापुढे बसून दिवसभर फक्त याच प्रश्नावर बोलता येईल. ही भूक घरात कुणाला सांगायची म्हटलं तरी तिला लाज वाटे.

एका वर्षी मात्र तिनं प्रवेश परीक्षा दिलीच, आणि पासही झाली. दिग्विजयला इतका आनंद झाला की तिसऱ्या दिवशी चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर कुणाच्या तरी हळदीतला तिचा फोटो आणि खाली 'पीएच.डी. पदवी संपादन केल्याबद्दल सौ. हेमलताताईंचे हार्दिक अभिनंदन'.

"अहो, ही नुसती परवेश परीक्षा हाय," हेमलता कपाळाला हात लावून म्हणाली. "अजून मुलाखत व्हायचीय. मग पुढं चार-पाच वर्सं."

"पास झालीस न्हवं? मग झालं की. हितं कुनाला कळतंय त्यातलं?"

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शारदाकाकू गुडघे दाखवायला आल्या. हेमलतानं त्यांना चहा पाजला आणि हाडांच्या डॉक्टरकडे धाडलं.

मुलाखतीला ती ठेवणीतली साडी नेसून गेली. समोर दोन सर आणि एक मॅडम. विषय ऐकून मॅडम पुढे सरकून बसल्या. लावणीची मजुरी कशी ठरायची, कुणाच्या शेतावर कोण लावणीला जायचं, हेमलता भरभरून बोलली. आपण इतकं बोलू शकतो हे तिचं तिलाच नवीन होतं. शेवटी मॅडमनी सहज विचारलं, "कोर्सवर्कसाठी सहा महिने रोज इथं यावं लागेल. याल ना?"

आणि हेमलता म्हणाली, "घरी विचारून सांगते."

तिनं विचार करून म्हटलंच नव्हतं ते. साडी घ्यायची असो, माहेरी जायचं असो, कॉलेजची सहल असो, हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप पडायचं. एकदा वाक्य पडलं की पुढचं घरचे बघतील. मॅडम हसल्या, "जरूर विचारा," म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं. यादी लागली तेव्हा तीत तिचं नाव नव्हतं.

घरी आल्यावर तिनं काय झालं ते सांगितलं. दिग्विजय खरोखरच चकित झाला.

"अगं, पन मी कदी न्हाई म्हनलो का तुला? कुनी म्हनलं का?"

कुणीच म्हटलं नव्हतं. हेच तर जिव्हारी लागलं. कुणी आडवं आलं असतं तर त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इथे मोडायची कुणाच्या नावानं?

दिग्विजय मनाचा वाईट नव्हता. बायको हिरमुसली म्हणून त्यानं एकेक पर्याय काढला. सरपंचपद बाईसाठी राखीव पडणार अशी गावात कुजबुज होती, तर उभी राहा. नाहीतर वरचे दोन मजले मुलींचं होस्टेल करू, तू चालव. मग किशोर नावाचा एक ओळखीचा इसम घरीच आला. लांबच्या कुठल्याशा विद्यापीठाची पीएच.डी. तो करून देणार होता. प्रबंध लिहिणारी माणसं त्याच्याकडे होती, हेमलतानं फक्त सह्या करायच्या.

"फ्लेक्स तर लागलेलाच हाय," दिग्विजय म्हणाला. "आता खाली उतरवला तर लोक हसतील."

हेमलता क्षणभर मोहात पडली, हे सांगायलाच हवं. डॉक्टर हेमलता. कॉलेजात मान वाढेल, तास वाढतील. पण तो माणूस 'विषय कुठला टाकू?' असं विचारू लागला तेव्हा तिला एकदम भडभडून आलं. तिचा विषय नुसता कागदावर टाकायचा नव्हता, तिला तो हवा होता. तिनं हात जोडून त्याला वाटेला लावलं. फ्लेक्सची काळजी तर नकोच होती. पंधरवड्यात कुणा दादांचा वाढदिवस आला आणि त्यांचा फ्लेक्स तिच्या तोंडावर चढला.

एका दुपारी ती गॅलरीत लीलाबाईंशेजारी मेथी निवडत बसली होती.

"आत्याबाई, जिमीन द्यायची ठरली तवा तुमाला कुनी इचारलं न्हाई ना?"

"इचारलं की," लीलाबाई म्हणाल्या. "मामंजींनी समद्यांम्होरं इचारलं, पोरी, तुजं काय म्हननं हाय? मी पदर सावरला आन म्हनलं, तुमी म्हनाल तसं." त्या बराच वेळ मेथीची काडी मोडत राहिल्या. "माज्या मनात न्हवतं द्यायचं. लई न्हवतं. अजून लावनी सपनात येतीया बग. पाय गार पडत्यात."

हेमलताला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. लीलाबाईंनी निवडलेली भाजी तिच्याकडे सरकवली.

पुढच्या वर्षी जाहिरात निघाली तेव्हा मोबाईल फ्रिजवर गेला नाही. अर्ज भरून झाल्यावर जेवताना तिनं सांगितलं, की निवड झाली तर सहा महिने मी रोज विद्यापीठात जाणार, खोल्यांचं तुमी बघायचं. दिग्विजयला ते लागलं होतं, दिसतच होतं. मग म्हणाला, "मोटर कवा लावायची त्ये दाखवून ठिव."

'येईन' हा एवढासा शब्द. तो तिनं घोटावड्याच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत म्हणून पाहिला, जिने पुसताना म्हणून पाहिला, वर्गात फळा पुसतानाही. परीक्षा ती पुन्हा पास झाली. मुलाखतीत मॅडम त्याच होत्या. त्यांनी अभ्यासाला किती घरं घेणार, बायका खरं बोलतील कशावरून, असं पुष्कळ विचारलं, आणि मग म्हणाल्या, "ठीक आहे. या तुम्ही."

रोज याल का, हे कुणी विचारलंच नाही. हेमलता उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"मॅडम, मी रोज येईन."

"काय?"

"कोर्सवर्कला. तुम्ही विचारलं नाहीत, पण मी रोज येईन."

मॅडमनी मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं. हेमलता बाहेर येऊन वडाच्या पारावर बसली. समोरून मुलंमुली पाठीला पिशव्या अडकवून ग्रंथालयाकडे चालली होती, गप्पा मारत, घाई नसल्यासारखी. ती त्यांच्याकडे बघत राहिली. यादी लागायला अजून आठवडा होता, आणि तिला ते सगळं हवं होतं.