सळईच्या टोकाला मी

घरामागच्या रानात पाणी आहे का, हे बघायला विश्रामबागेतून एक साहेब यंत्र घेऊन आले. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर ऊस होता. मला फक्त चुलतसासूची विहीर चुकवायची होती. तिथं घागर भरेपर्यंत ती दहा प्रश्न विचारायची. मी घरून दोन उत्तरं पाठ करून जायचे, तर ती तिसरंच विचारायची. म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, तेही तिच्याच विहिरीच्या.

साहेब यंत्र घेऊन मध्ये बसले. दोन्हीकडे लांब वायरी, टोकाला लोखंडी सळई. सळई ठोकायची, बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, बाजूला व्हायचं आणि ओरडून ‘हो’ म्हणायचं. मगच साहेब वीज सोडणार. ओला दगड वीज जाऊ देतो, कोरडा अडवतो, त्यावरून जमिनीखालचं कळतं म्हणे. आकडा लिहून झाला की सळई आणखी लांब न्यायची. एका टोकाला नवरा होता. साहेबांचा माणूस आलाच नव्हता, म्हणून दुसऱ्या टोकाला मी.

मी सळई ठोकली, बाजूला झाले आणि मान हलवली. मध्ये चुलतसासूच्या उसाचा फड. साहेब हाका मारतात, मी मान हलवते. शेवटी मी बांधाबांधानं चालत गेले आणि त्यांच्याजवळ उभं राहून हळूच ‘हो’ म्हटलं. त्यांनी आकडा घेतला. मी परत गेले, सळई उपटली, पुढं ठोकली आणि पुन्हा सांगायला आले. चौथ्या खेपेला साहेबांनी मला पाणी दिलं.

ऊन कलायला लागलं. साहेबांना फलटणला जायचं होतं. ते म्हणाले, “ताई, आता सळई लय लांब गेली. तिथनं हाक आली तरच खोलातलं कळंल. न्हाईतर मी यंत्र गुंडाळतो.”

म्हणजे जन्मभर विहीर. मी सळई ठोकली, डोळे मिटले आणि ओरडले. आवाज कुणाचा हे मलाही कळलं नाही. फडातून बगळे उडाले आणि चुलतसासू काठी घेऊन धावत आली.

“साप हाय का गं?”

मी कसंबसं सगळं सांगितलं. तिनं काठी टाकली, पदर खोचला आणि म्हणाली, “एवढंच व्हय? तू ठोक, मी वरडते.” पुढचे सगळे ‘हो’ तिचे. एकदा तर माझा हात सळईवर असतानाच ती ओरडली, मी उडी मारून लांब झाले.

साहेबांनी सांगितलं, खाली ओला दगड आहे. बोअर मारली, पाणी लागलं. आता मला विहिरीवर जावं लागत नाही. चुलतसासूच रोज आमच्याकडे येते, कारण तिच्या मते ते पाणी तिच्या आवाजाला लागलं. नळाजवळ बसून ती प्रश्न विचारते. मी हळू उत्तर देते. तिला ऐकू आलं नाही तर ती स्वतःच उत्तर ठरवते, आणि ते माझ्यापेक्षा बरं असतं.