मिठागरवाल्याची पोर आणि चुकीचं मीठ

आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही. ज्याला मीठ लावायचं, ते मात्र रोज संपायचं.

बाबा खाडीकाठच्या मिठागरात मजूर होता. वाफ्यात उतरून लाकडी फळीनं मीठ ओढायचं, टोपलीत भरायचं, ढिगावर नेऊन ओतायचं. घरी यायचा तेव्हा पायांच्या भेगांत पांढरं भरलेलं असायचं. ठाण्याच्या कोपरीत एका खोलीत आम्ही पाच जणं. जेवायला पेज आणि पाच जणांत मिळून भाजलेला एक सुका बोंबील. आई म्हणायची, "बोंबलाकडं बघत बघत पेज प्या, म्हंजे पुरंल." पावसाळ्यात मिठागर बंद, मग बोंबीलही बंद. तेव्हा आम्ही तो आठवून आठवून प्यायचो.

पुढे मिठागरच कायमचं बंद झालं आणि बाबा बाळकुमला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. टॉवर ज्या शेतावर उभा आहे ते शेत माझ्या मामानं बिल्डरला विकलेलं. मामाच्या गळ्यात आता बोटाएवढी जाड चेन आहे. त्याची गाडी आत शिरताना बाबा मुद्दाम अर्धाच सलाम ठोकतो. मेव्हणा आहे, पूर्ण कशाला?

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी मान ताठ करूनच सांगते, कुणाला आवडो न आवडो. एमएस्सी केलं आणि डोंबिवलीच्या एका कॉलेजात पीएचडीला लागले. विषय: डीएनएला चिकटतील असे छोटे रेणू तयार करायचे, म्हणजे पुढे त्यांचं औषध होऊ शकेल.

आईला मी ते कॅरमवर समजावलेलं. डीएनए म्हटलं की लोकांना पिळाची शिडी आठवते. पण काही जागी त्याची दोरी दुमडते आणि चौघं कॅरमला बसतात तशी त्यातली चार अक्षरं चौकोन करून बसतात. असे दोन-तीन कॅरम एकावर एक. कॅन्सरच्या पेशीत हा थर उलगडू दिला नाही तर तिची वाढ अडवता येईल, असा अंदाज आहे. म्हणून मला एक चपटा रेणू बनवायचा होता. तो सगळ्यात वरच्या कॅरमवर झाकणासारखा बसला पाहिजे, आणि बाकी कुठेच बसता कामा नये.

आई म्हणाली, "म्हंजे तू तीन वरसं झाकन बनवतेस?"

"हो."

"आनि बसत नाय?"

"अजून नाही."

"आपल्या कुकरचं पन तसंच झालेलं. रबर बदलून बघ."

मामाची मागणी आणखी सोपी होती. "भाची, औषधं बनवतेस ना? मग माझ्या गुडघ्याला कायतरी दे की. घरातलंच काम आहे."

मजा बाजूला ठेवून सांगते, माझी अवस्था वाईट होती. आधीचे आठ रेणू लग्नातल्या पाहुण्यांसारखे दिसेल तिथे बसायचे. नववा मी फार विचार करून बनवला होता. दहा दिवसांनी कॉलेजची समिती माझं काम बघणार होती, आणि माझ्या गाइड मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलेलं, "हा बसला नाही तर विषय बदलावा लागेल." विषय बदलायचा म्हणजे तीन वर्षं पाण्यात. आणि आई तर चाळीत मला कधीपासून 'डाक्टर' म्हणायला लागलेली.

रेणू बसला की नाही ते दाखवणारं आमच्या कॉलेजचं यंत्र बंद पडलेलं. ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत दर गुरुवारी दोन तास मिळायचे, म्हणजे समितीच्या आधी दोनच गुरुवार हातात. माझा रेणू जागेवर नीट बसला की चमकतो आणि यंत्रावरची रेष वर चढते. पहिल्या गुरुवारी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरला, नळ्या ठेवल्या आणि डोंबिवलीहून बस पकडली.

कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, मासळी मागे."

"मासळी नाही."

"मग बर्फ कशाला?"

"डीएनए आहे."

"कुठल्या माशाचं?"

बाजूची बाई डब्याकडे वाकली. "बाय, पापलेट असंल तर दाखव तरी. घेईन मी."

शीळफाट्याला बस तासभर अडकली. बर्फाचं पाणी झालं, ते माझ्या मांडीवरून त्या बाईच्या चपलेत गेलं आणि मासळीच आहे यावर सगळ्या बसचं एकमत झालं. ठाण्याला पोचून नळ्या यंत्रात घातल्या, तर रेषही शीळफाट्यासारखीच. हलायला तयार नाही.

संध्याकाळी घरी बाबा जेवत होता. मी म्हटलं, "बर्फ वितळला म्हणून वाट लागली."

"मीठ टाकलंस?"

हा प्रश्न बाबा कशालाही विचारतो. आईच्या कालवणाला, मामाच्या भाषणाला, टीव्हीवरच्या बातम्यांना.

"टाकलेलं रे बाबा. डीएनएच्या पाण्यात मीठ लागतंच."

"कंचं?"

"पोटॅशियमचं संपलेलं, म्हणून आपलं साधं टाकलं. मीठ ते मीठ."

बाबानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मीठ ते मीठ? आगो, पंचवीस वरसं वाफ्यात उभा रायलो मी. पयलं मीठ येगलं, मागचं येगलं, नि शेवटाला उरतं ते पानी तर कडू जहर. मिठागरवाल्याची पोर तू, नि म्हनतेस मीठ ते मीठ? ह्ये तुज्या मामानं म्हटलं असतं तं मी समजलो असतो."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला माझेच कॅरम आठवले. वरच्या आणि खालच्या कॅरमच्या मधोमध पोटॅशियमचा एक कण बसतो आणि तोच दोन्हीकडच्या चौघांना धरून ठेवतो. साध्या मिठातला सोडियम अंगानं बारीक. मी घेतलेला डीएनएचा तुकडा त्याच्याच्यानं धरवत नाही. म्हणजे गुरुवारी कॅरमच मांडलेले नव्हते. झाकण बसणार कशावर? हे मी स्वतः ज्युनिअर पोरांना फळ्यावर शिकवलेलं, चित्र काढून.

बाबाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त राग आलेला. हे मुद्दाम लिहिते, कारण डीएनएचा शोध आपणच लावला असं तो हल्ली टॉवरच्या गेटवर सांगतो. त्या संध्याकाळी त्यानं बरणीतून शेवटच्या हंगामाचं मीठ काढलं आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली. "ह्ये टाक. येका चिमटीत बसंल."

दुसऱ्या गुरुवारी शेजारच्या विभागातून पोटॅशियमचं मीठ मागून आणलं आणि सगळं नव्यानं बनवलं. बसमध्ये तोच कंडक्टर.

"गेल्या वेळची खपली का?"

"नाही."

"मग भाव कमी करा ना ताई."

यंत्रात नळी घातली. रेष चढायला लागली, आणि चढतच गेली. मी परत केलं, परत चढली. मग साध्या पिळाच्या डीएनएबरोबर करून बघितलं, तिथे ढिम्म. पाहुणा पहिल्यांदाच आपल्या खुर्चीवर बसला होता.

समितीत एका सरांनी विचारलं, "आधीच्या आठवड्यात नेमकं काय बिघडलं?" गोल गोल इंग्रजीत सांगता आलं असतं. मी म्हटलं, "चुकीचं मीठ टाकलेलं, सर. वडील मिठागरात होते, त्यांनी झापलं."

"त्यांना हे कसं कळलं?"

"कळलं नाही, सर. अपमान झाला त्यांचा."

सगळे हसले, आणि काम पुढे चालू ठेवायला सही झाली.

घरी बाबानं पहिला प्रश्न केला, "माजं मीठ टाकलंस ना?"

"टाकलं," मी म्हटलं. खोटं नाही बोलले. जेवणाच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्यावर टाकलेलं.

त्यानंतर दीड वर्षानं मला पीएचडी मिळाली. माझ्या रेणूचं औषध झालेलं नाही. व्हायला खूप वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. मामाचा गुडघा आहे तसाच आहे. पण नववा रेणू त्याच्या जागी बसला, दुसरीकडे कुठे बसला नाही, आणि तो बनवला मी.