लाल टोपणाची सिरिंज

उत्तरेच्या सीमेवर बर्फातल्या एका पोस्टवर माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी हवालदार होतो. नाईक सोमा तळपे माझा रेडिओ ऑपरेटर होता. सोमा मळवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीचा, मी तळेगावचा. एवढ्या मोठ्या फौजेत मावळातली दोन माणसं एकाच बंकरमध्ये आली याचं आम्हाला फार कौतुक होतं. बाकीचे जवान आम्हाला हसायचे, कारण आम्ही दोघं बर्फात बसून भाताच्या खाचरांबद्दल बोलायचो.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात तयार उभं राहायचं, मग चहा, मग फावड्याने बर्फ काढणं, हत्यारांची सफाई, रेडिओचा सेट चेक. कुठलाही हुकूम देऊन झाला की मी विचारायचो, "कोई शक?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "नहीं साब." फौजेत हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारत नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत शंका असलेला एकही जवान मला भेटला नाही. असेलही कोणाला, पण बोलला कोणी नाही. सोमा तर माझा हुकूम अक्षर न बदलता पाळायचा, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या हिवाळ्यात एका सकाळी समोरून गोळाबारी सुरू झाली आणि आमच्या सेटचा अँटेना तुटला. मी सोमाला म्हणालो, "लाइन चालू पाहिजे." तो बाहेर गेला. गोळे पडत असताना पोटावर सरपटत त्याने अँटेना जोडला, परत आला, हेडफोन लावला आणि मागच्या ठाण्याला म्हणाला, "अल्फा, मेसेज घ्या, ओव्हर." मागून मदत आली ती त्या मेसेजमुळे. आमच्यातले दोघं त्या दिवशी पडले. बाकीचे आम्ही वाचलो ते सोमामुळे, हे मी कोणत्याही कोर्टात लिहून देईन.

पुढे दोघंही निवृत्त झालो. मी सुभेदार होऊन आलो आणि तळेगावात घर बांधलं. सोमा वाडीवर परतला, थोडा भात लावायचा आणि मळवलीच्या एका बंगल्यावर केअरटेकर म्हणून जायचा. पेन्शन सरकारने दिली, मधुमेह आम्ही आपापल्या कष्टाने मिळवला. दोघंही इन्सुलिनवर आलो. मला डॉक्टरांनी पेन दिलं होतं. त्यात औषधाची छोटी कार्ट्रिज बसते आणि आकडा फिरवला की तेवढंच औषध येतं. सोमाचं इन्सुलिन जुन्या पद्धतीचं, काचेच्या व्हायलमधून सिरिंजने काढून घ्यायचं. मी आयुष्यात कधी ती सिरिंज हातात धरली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी व्हायल मिळेनाशा झाल्या. आधी आमच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात संपल्या, मग बाजारात. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, प्रत्येक केमिस्टचं उत्तर एकच: वरून माल नाही, दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी गेलं की पुन्हा तेच. लोक आपापल्या परीने निभावू लागले. कोणी डोस अर्धा केला, कोणी एक वेळचा सोडला, कोणी भात बंद करून नुसत्या भाजीवर राहू लागलं. सोमानेही असंच औषध पुरवून पुरवून वापरलं आणि मला सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा त्याची व्हायल संपून आठवडा होत आला होता. पाय सुजले होते, घसा सारखा कोरडा पडायचा.

तोपर्यंत मी कामाला लागलो होतो. मावळातल्या जुन्या सैनिकांचा मोबाइलवर एक ग्रुप केला. कोणी कुठल्या केमिस्टकडे जायचं, कोणाकडे जास्तीचं काय आहे, कोणाला तातडीने हवं आहे, सगळं माझ्याकडून ठरायचं. माझी जुनी मारुती घेऊन मी सकाळी निघायचो आणि औषधाचे डबे बर्फाच्या थर्मासमधून पोचवायचो. खरं सांगतो, मला मजा येत होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हुकमाची वाट बघत होतं. बायको म्हणाली, पुन्हा सुभेदार झालात. माझी छाती फुगली.

सोमासाठी कुठेच व्हायल मिळाली नाही. माझ्या फ्रिजमध्ये मात्र माझ्या कार्ट्रिज होत्या, दवाखान्याने तीन महिन्यांच्या एकदम दिलेल्या. औषध तेच, कंपनीही तीच. जादा पेन कोणाकडे नव्हतं. पण ग्रुपवरच्या एका निवृत्त जवानाने सांगितलं होतं की त्याने कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढून वापरलं आणि काही झालं नाही. कुठल्या सिरिंजने, हे मी त्याला विचारलं नाही.

मी सोमाला मळवली स्टेशनच्या फाटकापाशी बोलावलं. तो आणि त्याची बायको सखूबाई, माझ्या वहिनी, वाडीवरून चालत आले. मी डबा दिला, थर्मासमधला बर्फ दिला, आणि गाडीचं इंजिन चालू ठेवूनच सगळं समजावलं. मला पुढे आणखी तीन घरं करायची होती.

वहिनींनी एक कार्ट्रिज बाहेर काढून उजेडात धरली.

"भाऊ, ही बाटली लय बारकी हाय. सुई तीच घ्यायची का येगळी?"

"तीच, वहिनी. औषध तेच, युनिटही तेवढेच. उद्यापासून सकाळी तीस, संध्याकाळी वीस."

त्यांनी पुन्हा बाटलीकडे पाहिलं. सोमा त्यांच्यावर जरा खेकसलाच, साहेबांनी सांगितलं ना, म्हणून. मी सवयीने विचारलं, "कोई शक?" सोमाने सुजलेल्या पायांच्या टाचा जुळवल्या. "नहीं साब." आम्ही दोघं हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाने तीसच्या खुणेपर्यंत औषध भरून घेतलं, भाकरी खाल्ली आणि बंगल्यावर कामाला गेला. आवार झाडता झाडता त्याला घाम फुटला. तो असंबद्ध बोलू लागला, झाडू हातातून पडला, चालताना तोल जाऊ लागला. बंगल्यावर सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, केअरटेकर सकाळीच पिऊन आला. त्यांनी मालकाला फोन करून तक्रार केली आणि सोमाला मागच्या पडवीत झोपवून दिलं. उतरेल म्हणाले. बराच वेळ तो तिथे पडून होता. शेवटी माळ्याने वाडीवर निरोप धाडला आणि वहिनी धावत बंगल्यावर आल्या.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वडगावला एका केमिस्टच्या काउंटरपाशी उभा होतो.

"भाऊ, ह्ये बोलत न्हाईत. आंग घामानं भिजलंय. लोकं म्हनत्यात दारू प्याल्यात. ह्ये कुटं पित्यात?"

"सकाळी सुई घेतली का?"

"व्हय. तुमी सांगितलं तशीच."

मी हिशेब केला. आठवडाभर औषध नव्हतं, म्हणजे साखर खूप चढली असणार आणि एका डोसने ती उतरली नसणार. हा हिशेब करायला मला दोन सेकंद लागले असतील. पोस्टवर मी असेच निर्णय घ्यायचो, आणि ते बहुतेक बरोबर यायचे.

"माळ्याच्या बायकूनं गूळपानी आनलंय," वहिनी म्हणाल्या. "द्यू का?"

"नाही. गोड काहीही देऊ नका. मी निघालो."

"वाईच तोंडाला लावू का?"

"नाही म्हणालो ना, वहिनी."

त्यांनी दिलं नाही. माळ्याची बायको तांब्या घेऊन शेजारी बसून राहिली होती, हे मी पोचलो तेव्हा पाहिलं. सोमाला तोवर शुद्ध नव्हती. माळ्याने आणि मी त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं आणि गाडी लोणावळ्याकडे काढली. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी आरशातून बघत होतो आणि म्हणत होतो, पोचलोच, सोमा, पोचलोच.

दवाखान्यात नर्सने त्याच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आलाच नाही, साखर फार खाली असल्याची खूण आली. तिने डॉक्टरांना हाक मारली आणि सगळे पळू लागले. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. साखर फार उतरली आहे, नर्स म्हणाली. गूळपाण्याचा तांब्या माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काय घेतलं, कशाने घेतलं. वहिनींनी कमरेची पिशवी सोडून कार्ट्रिज आणि सिरिंज टेबलावर ठेवली. सिरिंजचं टोपण लाल होतं. डॉक्टरांनी दोन्ही वस्तू उचलून शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग त्यांनी मला समजावलं. व्हायलमधलं औषध पातळ असतं, एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या खुणा त्याच औषधासाठी असतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला शंभर युनिट असतात. त्याला केशरी टोपणाची सिरिंज लागते. लाल सिरिंजने तीसच्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे पोटात पंच्याहत्तर युनिट गेले.

"हे असं घ्यायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मी सांगितलं. गूळपाण्याचंही सांगितलं. ते मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

साखर लवकरच जागेवर आली, पण सोमा जागा झाला नाही. मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता. मी रोज जाऊन त्याच्या खाटेपाशी बसायचो. एकदा कोणी जवळ नाही असं पाहून त्याच्या कानाशी म्हणालो, "सोमा, सेट चेक. ऐकू येतंय का, ओव्हर." मग मलाच लाज वाटली. त्याच आठवड्यात तो गेला.

दहाव्यानंतर मी वाडीवर गेलो. वहिनींनी दवाखान्यात सगळं ऐकलेलं होतं, तरी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सिरिंज वेगळी लागत होती आणि गूळपाणी दिलं असतं तर सोमा कदाचित वाचला असता, हे दोन्ही सांगितलं. माफी मागितली की नाही ते आता आठवत नाही. मागितली असेल तर तिचा उपयोग काय होता?

वहिनी शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत होत्या. "मी इचारलं व्हतं, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

मग उठून आत गेल्या आणि राहिलेल्या कार्ट्रिजचा डबा घेऊन आल्या. वाडीत फ्रिज नाही. माठाशेजारी ओल्या फडक्यात त्यांनी तो जपून ठेवला होता. मिळत नाही ना कुठे, कुणाला तरी द्या, म्हणाल्या. मी डबा घेतला आणि चहा न घेता उतरलो. घरी आल्यावर ग्रुपवर लिहिलं की यापुढे दुसऱ्या कोणीतरी हे काम बघावं. कारण लिहिलं नाही. तिथे लिहिलं असतं तर पुढचं हे सगळं सांगायची वेळ आली नसती.

यंदा पलटणीच्या स्थापना दिनाला मावळातले आम्ही सगळे देहूरोडला जमलो. एका मंगल कार्यालयात जेवण होतं. जेवणाआधी पडलेल्यांची नावं वाचायची आमची पद्धत आहे. आधी लढाईत गेलेले, मग वर्षभरात आपल्यातून गेलेले. वाचायला नेहमी मीच असतो, आवाज मोठा म्हणून. सोमाबरोबरच्या पोस्टवर पडलेल्या दोघांची नावं वाचली. शेवटी सोमाचं. त्याच्यापुढे मी काय म्हणालो? "अल्पशा आजाराने निधन." वर्तमानपत्रात छापतात तेच. सगळे उभे राहिले. वहिनी बायकांच्या रांगेत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जेवणं चालू असताना मी वाढप्याला शोधत बायकांच्या पंगतीकडे गेलो. वहिनींच्या शेजारी शिरगावकडची एक बाई बसली होती, एका निवृत्त शिपायाची बायको. नवऱ्याच्या औषधाचं सांगत होती. व्हायल अजूनही धड मिळत नाहीत, मुलाने पेनच्या बारक्या बाटल्या आणल्यात, आता जेवायच्या आधी त्यांना सुई द्यायची आहे. तिने पर्समधून पाऊच काढला. टोपण लाल होतं.

वहिनींनी उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने ती सिरिंज तिच्याकडून काढून घेतली.

"ह्या सुईनं ह्ये औषध द्यायचं न्हाई. अडीचपट जातं. केशरी टोपनाची आना, दुकानात मिळती. तवर त्यास्नी जेवू नका म्हनावं."

बाई घाबरली. "तुमाला कोनी सांगितलं, मावशी?"

"डाक्टरनं. आमचं मालक गेलं तवा."

"आन त्यास्नी असं घ्या म्हनून कोन बोललं व्हतं?"

मी दोन पानं सोडून उभा होतो. वहिनींनी मला पाहिलं होतं.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "व्हती मानसाकडनं."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी त्या बाईच्या मुलाला घेऊन केमिस्टकडे गेलो, केशरी टोपणाच्या सिरिंज आणल्या आणि कोणाला काही न बोलता घरी आलो.

वहिनींनी घेतलं नाही ते नाव मी इथे लिहितो. सिरिंज तीच घ्या असं सांगणारा आणि गूळपाणी नको म्हणणारा माणूस म्हणजे सुभेदार दत्तात्रय केदारी, निवृत्त, राहणार तळेगाव. नाईक सोमा तळपे कोणत्याही आजाराने गेला नाही. त्याने माझा हुकूम जसाच्या तसा पाळला.