आंबवलेल्या निळीचा रांजण

न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आमच्या शेजारी एक जपानी बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. गॅरेजमध्ये त्यांनी निळीचा रांजण लावला होता. कुजवलेला निळीचा पाला, राखेचं पाणी, गव्हाचा कोंडा, नासू नये म्हणून थोडा चुना, हे सगळं त्यात आंबत असायचं. त्यात कापड एकदाच बुडवलं की जो फिकट निळा येतो, त्याला जपानीत 'रांजणात डोकावलेला' म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं.

त्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, त्यांची बहीण वारली. जपानला जाताना त्यांनी रांजण माझ्यावर सोपवला. रोज ढवळायचं आणि खालचा हीटर चालू आहे ना ते बघायचं. तीन आठवडे.

आठ दिवस मी नेमाने गेले. मग ऑफिसचं काम वाढलं, वेलिंग्टनहून ट्रेनने येईपर्यंत अंधार पडायचा. उद्या जाऊ म्हणत बारा दिवस गेले. शेवटी गेले तर हीटर बंद, रांजण गार, वरचा जांभळा फेस विरलेला आणि कुजका वास. मी हीटर लावला, बराच वेळ ढवळत बसले. काही उपयोग नव्हता.

त्या परतल्या. रांजणात बोट बुडवून जिभेला लावलं आणि विचारलं, रोज ढवळलंत ना?

"हो, रोज," मी म्हणाले.

"मग माझंच चुकलं. जाण्याआधी चुना घालायला विसरले असेन." त्यांनी वाकून माझे आभार मानले.

त्यानंतर त्यांनी रंगवणं सोडलं. मला वाटलं, बहिणीचं दुःख असेल. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा ख्राइस्टचर्चहून आला. कुंपणापाशी मला म्हणाला की आईला हल्ली विसरायला होतं, असं तीच म्हणते; डॉक्टरकडे नेतोय, जमलं तर आमच्याकडेच ठेवू.

मी तशीच त्यांच्या घरात गेले आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे चुना मी घातला होता," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

त्या ख्राइस्टचर्चला गेल्या नाहीत. उन्हाळ्यात नवा रांजण लावला. भेटल्या की हसतात, बोलतात. मध्यंतरी आठवडाभर मुलाकडे गेल्या होत्या, तेव्हा समोरच्या घरातली बाई रोज संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये जाताना दिसायची.