कुंकवाखालची टेस्ट कॅसेट

माझ्या घरात एक काचेचं कपाट आहे. ते बघून पाहुणे हमखास विचारतात, दुकान काढायलास काय रे? त्यांना काय सांगणार, कप्पाळ! कपाटात जुन्या टीव्ही गेमच्या दुरुस्तीची हत्यारं आहेत. गेम नव्हेत बरं का. गेम गोळा करणारे रग्गड आहेत, त्यांना मी हात जोडतो. मला लागतात ती हत्यारं, गेम बिघडला की दुकानदार ज्यांनी तो तपासायचा ती.

मी बिदरला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये काम करतो, राहायला मैलूरला. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचे ते गेम आले, तेव्हा आम्ही पोरं कॅसेट खुपसायचो आणि चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायचो. फुंकरीनं भागलं नाही की दुकान गाठायचं. बाकीची पोरं गेम कधी चालू होतो याची वाट बघायची, आणि मी बघायचो त्या दुकानदाराच्या हातातलं पेनासारखं यंत्र. तारेला टेकवलं की त्यातला लाल नाहीतर हिरवा दिवा लागायचा. काय मजा होती हो त्यात! तसलं यंत्र आता माझ्याकडे आहे. टीव्हीवर रंगीत पट्टे पाडणारा डबा आहे, चिपमधलं लिहिलेलं पुसायची निळ्या दिव्याची पेटी आहे. बायको म्हणते, एवढं सोनं जमवलं असतंस तर लोकांना दाखवायला तरी लाज वाटली नसती.

एकच वस्तू नव्हती, टेस्ट कॅसेट. दिसायला गेमच्या कॅसेटसारखीच, पण आत गेम नसतो. मशीनमध्ये घातली की ती मशीनलाच तपासते. चित्र, आवाज, बटणं, मेमरी सगळं बघते आणि बिघाड कुठं आहे ते पडद्यावर सांगते. हैदराबादचा माल पुरवणारा ती फक्त दुरुस्ती शिकलेल्या माणसांना द्यायचा, बाजारात मिळायची नाही. दुरुस्तीचा धंदा बसला आणि त्या कॅसेटा भंगारात गेल्या. मी आयुष्यात तिचा फोटो तेवढा बघितला होता.

आणि एक दिवस, दसऱ्याच्या तोंडावर, कमलनगरला जीप चालवणाऱ्या माझ्या वर्गमित्राचा फोन आला. तिथलं एक जुनं टीव्ही दुरुस्तीचं दुकान उठणार होतं. म्हाताऱ्याचा मुलगा दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याच जागी मोबाईलचं दुकान मांडणार होता. मित्र म्हणाला, एक उघडीनागडी कॅसेट हाय बग, वरचं झाकण न्हाई, चित्राचा कागद न्हाई, कडंला बारके दोन दिवे हायत. मी लॅबमध्ये उभा होतो, तिथंच खुर्चीवर बसलो. दोन दिवे असलेली कॅसेट गेमची नसतेच!

आता माझी अक्कल बघा. आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे, विहारात वंदना, दुपारी खीर. त्या दिवशी मला हलता येणार नव्हतं, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन कॅसेट आणावी असं ठरवलं. आदल्या दिवशी काय असतं हे डोक्यातच आलं नाही. सगळा जन्म बिदरात गेला, दरवर्षी रिक्षांना झेंडूचे हार बघतो, तरी नाही आलं. आपल्या घरात नसलेला सण आपल्या हिशेबात नसतो, दुसरं काय.

कमलनगरला उतरलो तर जिकडं तिकडं झेंडू. बसच्या नाकालाही हार. तेव्हा कुठं डोक्यात ट्यूब पेटली की आज खंडेनवमी. दुकानात गेलो तर जमीन धुऊन पुसून लख्ख, आणि भिंतीला टेकून पाट. पाटावर सोल्डरिंगचं यंत्र, मीटर, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, आणि मधोमध ती! हळदी-कुंकवानं माखलेली, वर फूल.  दुकानाचे मालक अण्णा नावालाच म्हातारे, आवाज खणखणीत. त्यांना नमस्कार केला न केला आणि हात सरळ कॅसेटकडे गेला. अण्णांनी मनगट धरलं.

"आज न्हाई," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात भलतंच आलं. पाटावर पूजा, मी कोण कुठला, हात का धरला.  तेवढ्यात त्यांच्या मुलानं मीटर जरा बाजूला सारायला हात घातला, तर त्यालाही अण्णांनी तसंच हटकलं. आज हत्यारांची सुट्टी, उद्या पूजा उठल्याशिवाय खुद्द अण्णाही हात लावणार नव्हते. माझा मलाच राग आला, सण विसरलो म्हणून आणि जातीचा भलता संशय घेतला म्हणूनही.

मुलगा बापाकडे बघून हसायला लागला. तो म्हणाला, "अप्पा, मेलेल्या डब्ब्याला हळद लावायलात तुमी." अण्णा मला हळूच म्हणाले की टीव्हीचं काम बंद पडल्यापासून कॅसेट त्यांनी लावून बघितलेलीच नाही. दरवर्षी पुसायची नाही, जुन्या कुंकवावर नवं लावायचं आणि पाटावर ठेवायची, एरवी वर्षभर ती समोरच्या फळीवर उघडीच. पण आजवर बंद पडलेल्या हत्याराला त्यांनी कधी हळद लावली नव्हती. ही चालती की नाही, तेवढं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सलत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

मला तर तिची आशाच दिसेना. असल्या कॅसेटच्या चिपला पाठीवर काचेची बारकी खिडकी असते. त्या खिडकीतून ऊन, उजेड आत जात राहिला की चिपमधलं सगळं हळूहळू पुसून जातं, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावतात. इथं झाकणच नव्हतं. पट्टीचा एक कुरतडलेला कोपरा तेवढा उरलेला दिसत होता. दुकान पूर्वाभिमुख, सकाळचं ऊन थेट त्या फळीवर. मी मनात म्हटलं, गेली ही.

हात हलवत घरी आलो. मायला सगळं सांगितलं, वर चिडचिड केली. ती म्हणाली, "त्यांच्या हत्याराला एक दिवस सुट्टी हाय, तुला कामून तरास?"

दुसऱ्या दिवशी विहारात वंदना झाली, खीर पोटात गेली न गेली तोच मी पांढऱ्या शर्टातच मित्राच्या जीपमध्ये बसलो. पिशवीत माझं स्वतःचं चालू मशीन घेतलं होतं. दुकानापाशी आलो. दारात भंगाराचा टेंपो, त्यात डब्बा टीव्ही एकावर एक चढवलेले. मी उडी मारून आत पळालो. अण्णा पाटाला खेटून बसले होते, एक हात पाटाच्या कडेवर. भंगारवाल्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, ही न्हाई.

मला बघून त्यांनी अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला. पूजा उठली. मी कॅसेट घ्यायला वाकलो तर म्हणाले, आधी इथं लावून बगू. चालली न्हाई तर घिऊन जा, मला पूजेत नको.

आता माझी पंचाईत झाली. जी वस्तू चालू बघायला मी इतकी वर्षं तडफडलो, ती लावूच नये असं मला वाटायला लागलं. पुसलेली निघाली तर मला काय, माझ्या कपाटात तशीही शोभली असती. पण या माणसाचं तोंड मला बघवलं नसतं, तेही मुलाच्या देखत. म्हटलं, घरी बघतो की अण्णा, तिथं सगळं सामान हाय माझं. ऐकतील तर शपथ.

टेंपोतला वरचा टीव्ही भंगारवाल्यानंच उतरवून दिला. "मैं भी देखतूं जी," म्हणाला आणि तिथंच उकिडवा बसला. मी खोडरबरानं कॅसेटच्या पितळी पट्ट्या घासल्या. मग सवयीनं चिपवरचं कुंकू पुसायला बोळा उचलला.

"त्याला कामून हात लावायलास? ते तिथं काय आडवं येतंय?" अण्णा म्हणाले.

आडवं येत नव्हतं, खरंच. बोळा ठेवला. कॅसेट खुपसली, बटण दाबलं. पडदा करडा. नुसता करडा. मुलगा मोबाईलमध्ये बघायला लागला, निदान तेवढं त्याला कळलं. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मी कॅसेट काढली, परत घातली, जरा डाव्या अंगाला दाबून धरली.

आणि आली! आली की हो! आधी रंगीत पट्टे, मग पांढरी जाळी, मग एकेक चौकोन हिरवा होत खाली खाली. आवाज सा पासून वर चढत गेला, कडेचे दोन्ही बारके दिवे लागले. मी असा ओरडलो की शेजारचा पानवाला धावत आला. मी अण्णांना मिठी मारली, मग मित्राला, मग भंगारवाल्यालाही मारली असेल. मला काही भान नव्हतं.

भान आलं तेव्हा लख्ख दिसलं. चिपची खिडकी! पट्टी कधीच पडली होती, आणि तिच्या जागी दरवर्षीच्या कुंकवाचा जाड थर बसला होता. तिकडून उजेडाचा कणही आत गेला नव्हता. पुसून टाकलं असतं, दरवर्षी स्वच्छ ठेवली असती, तर ही कॅसेट केव्हाच कोरी झाली असती. अण्णांना हे मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलानंही ऐकलं. मोबाईल खिशात ठेवून तो उठला आणि न सांगता आतून हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आला.

अण्णांनी कॅसेट काढली, मूठभर ताजं कुंकू घेऊन चिपवर अंगठ्यानं लावलं आणि ती परत पाटावर ठेवली. मुलानं पाट उचलून नव्या काचेच्या काउंटरवर, मोबाईलच्या खोक्यांमध्ये नेऊन मांडला. मला कळायचं ते कळलं. कॅसेट आता तिथून हलणार नव्हती. अण्णांनी कुंकवानं भरलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "बंद पडलेलं मशीन असलं की घिऊन ये. इथं बसून बगू."

जीपमध्ये मित्र सारखा म्हणत होता, अरे मागून तरी बघायचंस. मी हसतच होतो. घरी माय दारातच बसली होती. पांढऱ्या शर्टावर खांद्याशी कुंकवाची पाच बोटं, ती बघून तिनं विचारलं, हे काय, आन ती तुझी कॅसेट कुठाय?

"मिळाली न्हाई, माय," मी म्हटलं. "चालू हाय ती."