चर्चनंतर डावीकडे

ड्युसेलडॉर्फजवळचं आमचं गाव कोरं करकरीत आहे. जुनं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. गाव इकडे हलवणाऱ्यांनी रस्त्यांची नावं तेवढी जशीच्या तशी आणली, गाव आणल्यासारखं.

रोज संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ चर्चनंतर डावीकडे वळत आणि आमच्या फाटकाची कडी काढत. पाटीवर आमचं आडनाव दिसलं की थबकत, "माफ करा," असं पुटपुटत आणि कडी पुन्हा नीट लावून जात.

एकदा मी बागेतच होतो. विचारलं, "वाट चुकलात का?"

"नाही. जुन्या गावात आमचं घर अशाच जागी होतं, चर्चनंतर डावीकडे. इथे मला उजवीकडचं दिलंय, ठाऊक आहे. पायांना पटत नाही."

आत बोलावलं, तर आले नाहीत. दाराकडे बघत म्हणाले, "बायको जुन्या घरातच वारली. नंतर तिची कबर उकरून इकडे आणली. तिला नवं घर कुठे माहीत आहे? शोधत आली, तर इथेच येईल ना?"

हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्या संध्याकाळी आमची ही फाटकाला कडी लावायला निघाली.

मी म्हणालो, "आज राहू दे."