वामनरावांचं वेल्श उपोषण

धानोऱ्यात वामनराव मास्तरांना बोलावल्याशिवाय कार्यक्रम होत नाही, आणि बोलावलं तर संपत नाही. कॉलेजातून रिटायर झाल्यापासून त्यांच्या भाषणात दोनच देश येतात, आयर्लंड आणि वेल्स. तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांनी मरायला टेकलेल्या भाषा कशा उठवून बसवल्या, हे ते अशा तोऱ्यात सांगतात की ऐकणाऱ्याला वेल्स शेजारच्या मुरूमगावच्या पलीकडेच वाटावं.

या सगळ्याच्या मुळाशी होता दसरू. वामनराव बौद्धवाड्यातले, दसरू गोंडमोहल्ल्यातला. लहानपणी दोघांनी मिळून गुरं चारली, आणि वामनराव गोंडीतल्या शिव्या मराठीच्या आधी शिकले. दसरू पुढं शिपाई झाला, आता रोज बसस्टँडच्या बाकावर येऊन बसतो. वामनराव गोंडीत विचारायचे, तो मराठीत उत्तर द्यायचा. तेही हळूच. एकदा वामनरावांनी मराठीतच छेडलं.

"काऊन गा, आपली भाषा इसरला का?"

"इथी नोको, मास्तर. लोक आयकतात."

हे बोलणं वामनरावांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. दसरूच्या तोंडून, भर स्टँडवर, मोठ्यानं गोंडी ऐकायची. बस, दुसरं काही मागणं नव्हतं.

सुरुवात घरापासून केली. सकाळच्या चहाला फक्त गोंडी, असा हुकूम निघाला. वामनरावांनी गोंडीत चहा मागितला. त्यांच्या पत्नी साधनाबाई तांदूळ निवडत राहिल्या.

"अजी, तुमी मागून राह्यले, पण मले समजत नाई ना!"

तीन दिवस चहा नाही. चौथ्या दिवशी मास्तरांनी मराठीत शरणागती पत्करली. "आयर्लंडवाल्यांचं बी असंच झालं," ते बशीत फुंकर मारत म्हणाले. "शाळेत सक्ती केली. पोरं पास झाली, बोलाले कोणी नाई."

उरलं वेल्स. तिथं टीव्हीवर आपल्या भाषेचा चॅनेल हवा म्हणून एका पुढाऱ्यानं आमरण उपोषणाची नुसती धमकी दिली आणि सरकार नमलं. वामनरावांनी जाहीर केलं, बसची घोषणा गोंडीतही व्हावी, नाहीतर अन्नत्याग.

"तुमी अन् अन्नत्याग?" साधनाबाई म्हणाल्या. "अकरा वाजता ताट नाई दिसलं तं घर डोक्यावर घेता."

ठरल्या दिवशी मास्तर स्टँडवर सतरंजी टाकून बसले. नेमकी समोर भज्यांची कढई. अर्धा तास झाला नसेल, कंट्रोलर जुबेर माईक घेऊनच आला.

"सर, कायले भज्याकडे पाहून राह्यले? हा घ्या माईक. तुमीच बोला."

वामनराव जरा हिरमुसलेच. हार आणायला गेलेला माणूसदेखील परतला नव्हता. त्यांनी गडचिरोली बसची घोषणा गोंडीत केली. कोणी मान वर केली नाही. दसरू आपल्या चपला बघत राहिला.

मग मास्तरांनी त्याच सुरात, गोंडीतच पुढं सांगितलं, की बाकावर बसलेला हा दसरू लहानपणी मोहफुलं वेचताना अस्वल पाहून पळाला, आणि त्याचा लंगोट झाडाखालीच राहिला.

दसरू ताडकन उठला. "लबाडा!" तो गोंडीत गरजला. "लंगोट तुझा राहिला होता! मी माझा दुपट्टा दिला म्हणून तू झाकून गावात आलास!"

स्टँड खदखदून हसलं. बांगडीवाली नूरी हसली, बसची कंडक्टरीण हसली, कानात इअरफोन कोंबलेली कॉलेजची पोरं हसली. ज्यांच्या तोंडून गोंडीचा एक शब्द कधी कोणी ऐकला नव्हता, ते सगळे हसण्यावरून पकडले गेले. दसरूला आता थांबवता येईना. अस्वल, मोह, दुपट्टा, सगळी कहाणी त्यानं हातवारे करत गोंडीत सांगितली. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. बसमध्ये कोणी चढेना.

या गर्दीत डबा घेऊन साधनाबाई उभ्या होत्या. तोंडाला पदर, खांदे गदगदा हलताहेत.

माईक चालूच होता. "काऊन वं साधना," सगळ्या स्टँडनं ऐकलं, "तुले तं समजत नव्हती ना?"

साधनाबाईंनी डबा पुढं केला.

"लंगोटाची समजते," त्या म्हणाल्या. "चहाची नाई."